पडण्याचा मान

नव्या पेंढ्याचा वास आला की माझं डोकं उठतं. बाकीच्यांना तो आवडतो. कुणी त्याला शेताचा वास म्हणतं, कुणी लहानपणाचा, आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत त्यावर हळवे लेखही येतात. मला मात्र तो आला की कुणाला तरी फाडफाड बोलावंसं वाटतं. ज्यांना बोलायचं ते सगळे केव्हाच मरून गेले आहेत, ही अडचण.

दर डिसेंबरात हे होतं. आमच्या समोरच्या दारात फिलोमिना राहते. नाताळ जवळ आला की ती दाराबाहेरचं चपलांचं कपाट सरकवते आणि तिथे येशूजन्माचा गोठा मांडते. मातीच्या मेंढ्या, निळा कागद, कापसाचे ढग आणि खाली अंथरायला पेंढा. हा पेंढा आता प्लास्टिकच्या पिशवीतून विकत येतो, चिमणीलाही घरट्याला पुरणार नाही इतका. आमची ही इमारत ज्या जागेवर उभी आहे तिथे फिलोमिनाच्या आजोबांची, पास्कूमामांची भाताची खाचरं होती. आजोबांनी गाडीगाडीने पेंढा वाटला आणि नात तो दुकानातून आणते. तिने पिशवी फोडली की वास माझ्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि मी दार लावून घेते. सून लोकांना सांगते, "आईंना ॲलर्जी आहे." आहे खरी. साठ वर्षांची जुनी आहे.

तेव्हाच्या मुलुंडात स्टेशनपासून निघालेले सरळ आखीव रस्ते होते, आणि ते जिथे कंटाळून थांबत तिथे शेतं सुरू होत. पूर्वेला मिठागरं. दिवाळी सरली, कापणी आणि झोडणी आटोपली की थंडी पडायची. आत्ताच्या पोरांना सांगितलं तर हसतात, पण आम्ही खरोखर शाल पांघरून दळण आणायला जायचो. सकाळी डोंगराच्या अंगाने धुकं उतरायचं, दुपारी मिठागरांवरून खारट वारा यायचा. त्याच दिवसांत शाळांची, मंडळांची वार्षिक संमेलनं असायची. जिकडे बघावं तिकडे लेझमीचा खुळखुळाट. माझ्या वयाच्या मुली नाचाच्या तालमी करायच्या, केसांत काय माळायचं यावर भांडायच्या, आणि आम्ही चार-पाच जणी पास्कूमामांच्या खळ्यावर पेंढा निवडायला जायचो.

आम्ही खानविलकर मास्तरांच्या विद्यार्थिनी होतो. मास्तर भांडुपच्या एका कारखान्यात कारकून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मात्र ते जपानात होते, कोबे बंदरात, कापसाच्या एका पेढीवर. संध्याकाळी वेळ जाईना म्हणून तिथे जूदो शिकायला गेले आणि मग तेच त्यांचं खरं काम होऊन बसलं. कारकुनी उरलेल्या वेळात. लढाई पेटायच्या जरा आधी परतले ते एक जाड पांढरा डगला, एक काळा पट्टा आणि जपानी रीतींचं एक भलंथोरलं गाठोडं घेऊन. डगला आणि पट्टा आमच्या लोकांना फार आवडला. गाठोडं कुणालाच नको होतं.

आमच्या भागातल्या व्यायाम मंडळाने त्यांना संध्याकाळी हॉल वापरायला दिला. पहिल्यांदा मुलगे आले. त्यांना वाटलं, दोन जपानी डाव उचलू आणि नाहूरच्या मैदानावर भाव खाऊ. मास्तरांनी त्यांना काय शिकवावं? पडायला. मागे पडा, कुशीवर पडा, कोलांटी घेऊन पडा, पडताना हाताने जमीन थापटा म्हणजे धक्का हातातून निघून जातो. पावसाळा गेला तरी पडणं चालूच. मुलगे वैतागून आपल्या आखाड्याच्या तांबड्या मातीत परत गेले. आम्ही मुली राहिलो, कारण आम्हाला परत जायला दुसरी कुठली माती नव्हती. घरी सांगताना मी 'व्यायामाचा वर्ग' एवढंच सांगायचे.

ज्याच्यावर पडायचं ती चटई आम्हीच बनवायचो. गोणपाटाच्या पोत्यांत पेंढा ठासून भरायचा, तोंडं दाभणाने शिवायची, पोती एकमेकांना घट्ट चिकटवून मांडायची आणि वर शिडाचं जाड कापड ताणून बसवायचं. वर्षभरात आमच्या पडण्याने आतल्या पेंढ्याचा भुगा व्हायचा. मग नव्या हंगामात पुन्हा नवा. मास्तर पेंढ्याची एकेक पेंडी नाकाशी नेऊन वास घ्यायचे. ओलसर असेल तर बाजूला. पास्कूमामा खळ्यावर विडी ओढत बसलेले असायचे. ते म्हणायचे, "मास्तर, माजी म्हैस पन एवरा वास नाय घेत हो." मास्तर हसायचे नाहीत. ते फारसे हसायचेच नाहीत. घरात काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यांना तोंडावर 'कोबेचे महाराज' म्हणायची आणि तेव्हाही ते मिशीतल्या मिशीतच काय ते हलायचे. आमचे डगले काकूच शिवायची, गादीपाटाचे दुहेरी शिवणीचे. उन्हाळ्यात त्यांत जीव नकोसा व्हायचा, पण त्या थंडीत छान ऊब यायची.

आणि रीती. देवा, त्या रीती! चटईवर चप्पल घेऊन कुणी आलेलं त्यांना खपायचं नाही. त्याच्या हातात पूजेचं ताट असलं तरी नाही. चटईवर चढताना डावा पाय. बसताना आधी डावा गुडघा टेकायचा, उठताना आधी उजवं पाऊल. लोकांसमोर करून दाखवायचं असेल तर आणखी वेगळं. पाहुणे बसतात ती बाजू वरची, तिकडे पाठ करायची नाही. सुरू करताना आधी त्या बाजूला वाकायचं, मग एकमेकांना. संपवताना उलट. हात जोडायचे नाहीत, कमरेतून वाकायचं. हसायचं नाही. टाळ्या पडल्या तरी तिकडे बघायचं नाही. डगला सुटला तर तोंड फिरवून नीट करायचा. पडलेल्याला उठायला हात द्यायचा नाही. तो आपला आपण उठतो, त्याला हात देणं म्हणजे त्याचा अपमान. आपण काय करतो आहोत ते बोलून सांगायचं नाही. आणि सगळ्यांत मोठी रीत ही, की चारचौघांसमोर दाखवताना ज्येष्ठाने पडायचं आणि धाकट्याने पाडायचं.

ही शेवटची रीत मला मास्तरांनी पेंढा भरता भरता सांगितली. मी म्हटलं, "उलटं आहे ना हे?"

"का गं? टाकायला काय लागतं?" दाभणातून सुतळी ओढत ते म्हणाले. "भिंतसुद्धा माणसाला खाली पाडते. पडणाऱ्याने डाव उभा करायचा असतो. किती जोरात यायचं, तोल कुठे सोडायचा, समोरच्याचं चुकलं तर ते कसं झाकून घ्यायचं, सगळं पडणाऱ्याकडे. ते धाकट्याला कसं जमेल?"

मग ते आपणहून पुढे बोलले, जे ते कधी करत नसत. "माझे गुरू म्हातारे होते. मी कोण, तर परक्या देशातला कारकून. भाषासुद्धा धड येत नव्हती. तिथल्या एका उत्सवात ते सगळ्यांसमोर माझ्या हातून पडले. त्या दिवशी मला कळलं की त्यांनी मला आपलं म्हटलं." सुतळीची गाठ मारून त्यांनी दातांनी तोडली. "यंदाच्या संमेलनात मी तुझ्यासाठी पडणार आहे."

मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होते. वडिलांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती आणि त्या स्थळांना मी दिसायला बरी, कामाला वाघ अशी विकली जात होते. अशा वेळी एक माणूस मला सांगत होता की मी चारचौघांसमोर तुझ्यासाठी पडेन. पोत्यात हात कोपरापर्यंत खुपसून मी रडले. पेंढ्याचा भुसा डोळ्यांत गेला असं सांगितलं आणि मास्तरांनी तसंच मानल्यासारखं केलं.

संमेलनाच्या दिवशी दुपारी हॉलसमोरच्या पटांगणात मांडव होता. लेझीम झाली, मल्लखांब झाला, कुणाच्या तरी पाच वर्षांच्या मुलाने भाषण ठोकलं. मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब पहिल्या रांगेत कोचावर बसले होते. त्यांची लाकडाची वखार होती, त्यामुळे मांडवाचे वासे त्यांचे, म्हणून संमेलन त्यांचं. पायांत नवे कोरे काळे जोडे होते आणि चालताना ते करकरायचे. मग माइकवरच्या माणसाने घसा साफ करून घोषणा केली: "आता बघा जपानी कुस्ती! खानविलकर मास्तर विरुद्ध कुमारी विमल!"

विरुद्ध. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं. एका पावलावर माइक होता, तिथे जाऊन 'विरुद्ध नाही हो, बरोबर' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण बोलून सांगायचं नाही ही रीत. ते डावा पाय उचलून चटईवर चढले, आणि त्यांच्या मागून मी.

मी त्या दिवशी फार छान केलं. हे मी आज कुणाचीही भीड न धरता लिहिते, कारण लिहायला दुसरं कुणी उरलेलं नाही. मास्तर यायचे, त्यांचा हात माझ्या बाहीवर पडायचा आणि त्याच क्षणी त्यांचं सगळं वजन माझ्या कमरेवर अगदी अलगद यायचं. मी फक्त वळायचे. मग चटईवर त्यांच्या हाताची थाप बसायची आणि नव्या पेंढ्याचा वास वर उसळायचा. ते उठायचे, तोंड फिरवून डगला सारखा करायचे, पुन्हा यायचे. पन्नाशीचा माणूस, केस पांढरे झालेला, इतका सुंदर पडत होता की मला टाकताना त्याचाच हेवा वाटला.

मांडव आधी चिडीचूप होता. मग मागून कुणी तरी ओरडलं, "आयला, पोरीने उचलला रे!"

"मास्तरची वाट लागली!"

"ए विमल, अजून एक! आपट, आपट!"

शिट्ट्या वाजल्या. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. प्रत्येक थापेला हशा, आणि मास्तर प्रत्येक वेळी आधीपेक्षा नीट उठत होते. मला टाळ्यांकडे बघायचं नव्हतं, मी बघितलं नाही, पण कान काही बंद करता येत नाहीत. शेवटचा डाव झाला. मास्तर पडले. अजून उठायचे होते, मग एकमेकांना वाकायचं होतं, मग पाहुण्यांना. तेवढ्यात करकर करकर आवाज आला. आप्पासाहेब हातात हार घेऊन चटईवर चालत येत होते, जिंकलेल्या मुलीचा सत्कार करायला. नव्या जोड्यांसकट.

मास्तर आपले आपण उठले, पाठ फिरवून पट्टा सारखा केला, वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, जोडे."

माइकवाला आप्पासाहेबांच्या मागोमाग माइक घेऊन चटईच्या कडेपर्यंत आला होता. ते दोन शब्द मिठागरांपर्यंत गेले असतील. क्षणभर कुणाला कळलं नाही आणि मग सगळा मांडव हसला, या वेळी आप्पासाहेबांना. त्यांच्या कानशिलांचा रंग मला अजून दिसतो. ते चार पावलं मागे गेले तशी जोड्याची टाच कापडाखालच्या दोन पोत्यांच्या फटीत रुतली आणि ते धडपडले. हार हातातून पडला. मास्तरांनी तिकडे पाहिलंही नाही. रीत पुरी व्हायची राहिली होती. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि कमरेतून खोल वाकले. मीही वाकले.

मागच्या रांगेत कुणी तरी म्हणालं, "बघ बघ, पोरीच्या पाया पडला."

झालं. त्या एका वाक्यावर आमच्या भागाने पुढचा महिना काढला. नळावर, दळणाच्या रांगेत, चर्चच्या आवारात, देवळाच्या पायरीवर, सगळीकडे मास्तर पोरीकडून आपटले गेले आणि वर तिच्या पाया पडले. शाळेत जाणारी पोरं मास्तरांच्या घरावरून जाताना जमिनीवर हात आपटायची आणि पळायची. मी ज्याला-त्याला सांगत सुटले, मास्तर हरले नाहीत, ते आपणहून पडले. आईला सांगितलं, ती म्हणाली, "पण पडले ना?" पास्कूमामा विडी विझवून म्हणाले, "काय गो पोरी, मास्तरला खरंच आपटलास?"

"नाही हो मामा. ते पडले."

"तेच तं म्हनतो मी. पडला."

ज्यांना पाडणं आणि पडणं एवढंच माहीत होतं त्यांना, कुणी कुणासाठी पडतं, हे कसं समजावायचं? मला त्या वेळी सगळ्या मुलुंडचा राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही, मुलुंड मात्र गेलं.

संक्रांतीला मास्तरांच्या घरी तिळगूळ घ्यायला दरवर्षी आमची झुंबड उडायची. त्या वर्षी काकूने लाडू करून डबा भरला आणि तो डबा तसाच राहिला. वर्गातल्या बाकीच्या मुलींचं येणं घरच्यांनी बंद केलं होतं. हरलेल्या मास्तराकडे काय शिकायचं, असं एका मुलीच्या वडिलांनी माझ्या वडिलांना विचारलं. वडिलांच्या डोळ्यांत मला जरासा अभिमान दिसला, मुलीने मास्तरला पाडल्याचा, आणि त्याची मला सगळ्यांत जास्त शिसारी आली.

संक्रांतीनंतर लगेच मंडळाचे दोन कार्यवाह आमच्या घरी आले. चहा घेतला आणि मुद्द्यावर आले. आप्पासाहेबांचा चारचौघांत अपमान झाला होता. हॉल मंडळाचा. तरीही मंडळ मोठ्या मनाचं आहे. प्रजासत्ताक दिनाला मैदानावर पुन्हा प्रात्यक्षिक ठेवू. त्यात मास्तरांनी विमलला चांगलं पाच-सहा वेळा उचलून टाकावं, म्हणजे लोकांचं समाधान होईल. मग माइकवर आप्पासाहेबांची माफी मागावी. विषय संपला, वर्ग चालू.

"आणि नाही केलं तर?" मी विचारलं.

"तर वर्ग तू घे ना," त्यातला एक म्हणाला. "तू त्यांना हरवलंच आहेस की. मुलींना थोडी लेझीम, थोडं जपानी. झकास होईल."

मी तशीच उठून मास्तरांच्या घरी गेले. अंगणात ऊन होतं. काकू तांदूळ निवडत होती, मास्तर पाटावर बसून चष्मा पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांना आधीच कळलेलं होतं. कारखान्यातसुद्धा कुणी तरी त्यांना चिडवलं होतं.

"मला टाका," मी म्हटलं. "मास्तर, मला काही वाटणार नाही. पाच नाही, पंचवीस वेळा टाका. मी नीट पडेन. तुम्हीच शिकवलंय."

"नाही."

"मग सांगा तरी! माइकवर एकदा सांगा की ही तुमची रीत आहे. मी सांगू का?"

"सांगून पडायचं तर ते पडणं कसलं?"

काकूने सूप खाली आपटलं. "मेली ती रीत! त्यांना ठाऊक तरी आहे का तुमची रीत? ज्यांना ठाऊकच नाही त्यांच्यासमोर कसली पाळत बसलात?"

"ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासमोर कुणीही पाळेल," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. "आणि विमल, तुला अजून पडता येत नाही. चटईवर येतं. लोकांत येत नाही. तो मान आहे, तो मागून मिळत नाही."

मी तिथून उठले ती रडतच. आज वाटतं, एवढा शहाणा माणूस, त्याला दिसलं नसेल का? मी त्यांचा वर्ग वाचवायला माझी पाठ पुढे करत होते. त्यांनी मला पाडलं असतं तर मीही त्यांच्यासाठी पडले असते, चारचौघांसमोर, जाणूनबुजून. यात कमी काय होतं? पण धाकट्याने मोठ्यासाठी पडायची सोय त्यांच्या गाठोड्यात नव्हती. आप्पासाहेबांवर माझा राग आहेच, तो सोपा राग आहे. मास्तरांवरचा राग अवघड आहे. रीत दोन्ही बाजूंना माहीत असली तरच ती रीत असते. एकाच बाजूला असली तर समोरचा तिचा हवा तो अर्थ लावतो, आणि तो अर्थ कधी आपल्या बाजूचा नसतो. हे त्यांना कळत होतं. कळूनही ते गप्प राहिले, आणि त्यांच्या गप्प राहण्याची किंमत माझ्या एकुलत्या एका चांगल्या दुपारने मोजली.

प्रजासत्ताक दिनाला मास्तर मैदानावर गेले नाहीत. मी वर्ग घेणार नाही असं मंडळाला कळवलं. त्यांना त्याचं फारसं दुःख झालं नाही. हॉलमध्ये कॅरमची टेबलं आली. आमची पोती दाभणाची शिवण उसवून मोकळी केली आणि पेंढा तबेल्यात गेला. एका हंगामाचा, अजून भुगासुद्धा न झालेला पेंढा. मी तबेल्यावरून जात होते तेव्हा म्हशी तो खात होत्या. ज्याच्यावर तो माणूस माझ्यासाठी पडला ते म्हशींनी रवंथ करून संपवलं. पुढच्या संमेलनात मंडळाच्या एका पहिलवानाने बँडच्या तालावर 'जपानी डाव' करून दाखवले. त्याने लंगोटावर कमरेला काळा पट्टा बांधला होता आणि त्याला आप्पासाहेबांनी हार घातला. जोडे घालूनच.

मास्तर त्यानंतरही रोज कारखान्यात जात. हॉलवरून जावं लागे. दारासमोर आले की त्यांची मान किंचित खाली जायची, बघणाऱ्याला वाटावं बटण बघतायत. माझं लग्न ठरलं, मी घाटकोपरला गेले; मुलुंडला राहायला परतले ती म्हातारपणी, या इमारतीत. माहेरी यायचे तेव्हा कधी रस्त्यात दिसायचे. एकदा भाजीबाजारात दिसले. चिखलात त्यांचा पाय घसरला आणि ते पडले. हातातली पिशवी बाजूला गेली, हनुवटी छातीला लागली आणि उघडा तळहात चिखलावर सपकन बसला. कोबेत शिकवतात तसं, अगदी नीट. भोवतालचे चार जण धावले, "अरे अरे, म्हातारे पडले," म्हणत त्यांनी काखेत हात घातले. मास्तर म्हणत होते, "सोडा, सोडा मला." कुणी सोडलं नाही. त्यांना उचलून, झटकून, एका पेटीवर बसवून पाणी पाजलं. सगळे प्रेमानेच करत होते. मास्तरांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिलं ते संमेलनाच्या दिवशीही नव्हतं. मी पुढे गेले नाही. मी फक्त लांबून वाकले, कमरेतून, आणि त्यांनी ते पाहिलं की नाही मला माहीत नाही. पुढच्या थंडीत ते गेले.

आता ऐंशीच्या पुढे मला सगळे एकच गोष्ट सांगतात. डॉक्टर सांगतात, मुलगा फोनवर सांगतो, सून दिवसातून चारदा सांगते: "आई, काही झालं तरी पडू नका." न्हाणीघरात दांडे लावलेत, गालिचे काढून टाकलेत. मी पडले तर सगळं घर कोलमडेल अशा बेताने ही माणसं माझ्याभोवती वावरतात.

परवा फिलोमिनाचे गुडघे धरले होते. तिने दार वाजवलं आणि ओशाळून म्हणाली, "काकी, एवढा पेंढा पसरून द्याल का गोठ्यात? मला खाली बसवत नाय." मी नाही म्हणणार होते. पण तिच्या हातातली ती केविलवाणी पिशवी बघून नाही म्हणवलं नाही. बाहेर गेले, चप्पल काढली आणि बसले. आधी डावा गुडघा, मग उजवा. कुणी सांगितलं नव्हतं, शरीराने आपणहून केलं. पेंढा कोरडा होता. मास्तरांनी घेतला असता. मी तो मेंढ्यांखाली नीट पसरला, आणि उठताना उजवं पाऊल पुढे टेकलं.

तोल गेला. फार नाही, जरासा. मी डाव्या कुशीवर निघाले होते, हनुवटी छातीकडे आली होती, तळहात उघडला होता. सगळं ठाऊक होतं, सगळं तिथे होतं. तेवढ्यात मागून सुनेने आणि पुढून फिलोमिनाने मला दोन्ही काखांत घट्ट धरलं. "अहो आई! पडला असता ना!"

"सोडा मला," मी म्हटलं. कुणी सोडलं नाही.

त्यांनी मला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. दार लावून घेतलं, पण वास आत आलेला होता. मास्तर, तुम्ही म्हणाला होतात की मला अजून पडता येत नाही. खरं होतं की नुसतीच तुमची रीत होती, हे मला एकदा बघायचं होतं, आणि आता मला कुणी पडू देत नाही.